अमेरिकी दुनळी बंदुका, जुन्या : ओळख व तुलना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत बनलेल्या, शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुका. बदके, लावे अशा पक्ष्यांच्या शिकारीसाठी आणि मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीसाठी त्या वापरल्या जात. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेले हत्यार ‘पुरातन’ ठरते. संग्राहक मात्र 1930 च्या दशकातील पार्कर या नामवंत बंदुकीलाही त्याच कपाटात ठेवतात.

अशी बंदूक हाती आली की बहुतेक जण आधी तिच्यावरचे नाव वाचतात, आणि फसगत तिथूनच सुरू होते. कनेटिकट राज्यातील नॉर्विचची क्रेसेंट ही कंपनी एकाच घडणीची स्वस्त बंदूक हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्यांना हव्या त्या नावाने कोरून देई. त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या डझनावारी ‘कंपन्या’ प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हत्या. बेल्जियममधून येणाऱ्या काही बंदुकांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव असे. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रज कारागिरांशी त्याचा गोंधळ व्हावा, हाच हेतू. म्हणून आधी नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या बाजूचे शिक्के पाहावेत. बेल्जियममधील लिएजच्या चाचणीगृहाचा ‘ईएलजी’ हा लंबवर्तुळातील शिक्का दिसला, तर अमेरिकी घडणीचा दावा संशयास्पद ठरतो. अमेरिकेत नळ्यांची सरकारी चाचणी सक्तीची नव्हती, त्यामुळे तिथल्या बंदुकांवर असे शिक्के सहसा नसतात.

नामवंत घराणी मोजकीच. कनेटिकटमधील मेरिडनच्या पार्कर ब्रदर्सने 1860 च्या दशकात सुरुवात केली. 1934 मध्ये रेमिंग्टनने ती कंपनी घेतली. पार्करची प्रत अक्षरांवरून कळते: व्ही साधी, मग जी, डी, सी, बी, ए अशी चढती भाजणी. त्यापुढचा ‘एच’ म्हणजे बाहेर घोडे (हॅमर) नसलेली बंदूक. शेवटी ‘ई’ असेल, तर वापरलेली काडतुसे आपोआप बाहेर फेकणारी. ट्रोजन ही त्यांची सर्वांत साधी आवृत्ती. नळीखालच्या आकड्यावरून अ‍ॅक्शनचा, म्हणजे नळ्या ज्याला जोडतात त्या मधल्या पोलादी भागाचा, आकार कळतो.

एल. सी. स्मिथ बंदुका आधी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजला आणि नंतर फुल्टन येथे हंटर आर्म्सच्या कारखान्यात बनल्या. स्मिथ पुढे टाइपरायटरच्या धंद्यात गेले आणि तिथेच अधिक गाजले. यांची खूण म्हणजे साइडलॉक, अर्थात दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर बसवलेली बार उडवणारी यंत्रणा. मोठ्या संख्येने बनलेल्या अमेरिकी दुनळ्यांत ही घडण इतरत्र जवळजवळ आढळत नाही. तिचे दुखणेही तिथेच आहे. पट्ट्यांसाठी लाकूड बरेच कोरावे लागत असल्याने त्यांच्या मागे दस्त्याला चीर जाते. फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स याउलट साधी बॉक्सलॉक बंदूक, म्हणजे यंत्रणा अ‍ॅक्शनच्या आतच. तिच्या यंत्रणेत हलणारे भाग फारच थोडे. नावाचा दरारा पार्करचा असला, तरी निव्वळ यंत्र म्हणून फॉक्सच सरस म्हणावी लागेल. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1909 च्या आफ्रिका सफरीवर नेलेली फॉक्स 2010 च्या लिलावात 8,62,500 डॉलरना गेली, पण ती किंमत मुख्यतः मालकाच्या नावाची होती. डॅन लेफेव्हर यांच्या आणि इथाकाच्या बंदुकाही याच पंगतीतल्या.

नळ्यांचे दोन मुख्य प्रकार. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून-ठोकून एकजीव केलेली ती डमास्कस. आम्ल लावल्यावर तिच्यावर वेलबुट्टीसारखी नक्षी उमटते. काही स्वस्त बंदुकांच्या साध्या नळीवर ही नक्षी नुसती वरून उठवलेली असे. दुसरा प्रकार अखंड ओतीव पोलादाचा. डमास्कसच्या सांध्यांत आतून गंज चढलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. ती बंदूक काळ्या दारूच्या काळातली असल्याने आजचे काडतूस घालणे धोक्याचे. पोलादी नळीतही सावध राहावे लागते. जुन्या 16 बोरच्या अनेक बंदुकांत काडतुसाचे घर सुमारे 65 मिलिमीटरचे असते. आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब वाढतो. माहितगार बंदूक-कारागिराने मापे घेतल्याशिवाय अशी बंदूक उडवू नये.

बोरचा आकडा उलटा चालतो. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या 12 गोळ्या एक पौंड भरल्या तर 12 बोर. म्हणून 20 बोर अधिक अरुंद. 28 बोरचे पार्कर विरळ आणि त्यामुळे महाग.

एकाच प्रतीच्या दोन बंदुकांची तुलना करताना निर्णायक ठरते ते मूळपण. नळी, अ‍ॅक्शन आणि पुढचे लाकूड या तिन्हींवरचा क्रमांक एकच हवा. तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना टेकलेल्या नसून मध्ये फट असेल, तर नळ्या कापलेल्या असण्याची शक्यता मोठी, आणि चोकही, म्हणजे तोंडाशी नळीला दिलेला अरुंदपणाही, गेलेला. बंदूक उघडण्याची वरची कळ नव्या बंदुकीत मध्यरेषेच्या उजवीकडे थांबते. झीज होत गेली की मध्यावर आणि मग डावीकडे सरकते. अ‍ॅक्शनवरचे मूळ निळे-तपकिरी रंग पुसट का होईना टिकलेले असतील, तर नव्याने चकचकीत केलेल्या बंदुकीपेक्षा तिला भाव जास्त. पार्करच्या कारखान्याच्या बऱ्याच नोंदवह्या टिकल्या आहेत. क्रमांकावरून मूळ मागणीचा तपशील देणारे पत्र संग्राहकांच्या संघटनेकडून मिळते. नळीची लांबी पुढे बदलली असेल तर त्यातून उघड होते. 1980 च्या दशकात जपानमध्ये पार्करच्या हुबेहूब नव्या प्रतिकृती बनल्या. त्या उत्तम आहेत आणि त्यांचा स्वतंत्र बाजारही आहे, पण जुन्या पार्करच्या किमतीला त्या घेऊ नयेत.