टर्बोसाठी जुन्या इंजिनाची निवड

मोटारीचे मूळ इंजिन उतरवून दुसऱ्या गाडीचे बसवणे म्हणजे इंजिन स्वॅप. पुढे टर्बोही लावायचा असेल, तर अश्वशक्तीचा आकडा शेवटी बघावा. आधी बघायचे ते इंजिन किती दाब सोसेल.

एक्झॉस्टच्या धुरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा सिलिंडरांत हवा कोंबतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने इथली हवा मुळातच थोडी विरळ असते. ही तूट टर्बो भरून काढतो. पण दाबलेली हवा तापते, मिश्रण भलत्या वेळी पेटते, इंजिन नॉक करते (आतून ठोके मारते) आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधल्या कडा फुटतात. म्हणून ९:१ च्या आसपास कॉम्प्रेशनचे (म्हणजे मिश्रण नऊ पट दाबणारे) जुने इंजिन ११:१ वाल्यापेक्षा सोयीचे.

मारुती एस्टीमचे १२९८ सीसी जी१३ मालिकेतले इंजिन हे त्यातले ओळखीचे नाव. मारुतीच्याच झेनचे ९९३ सीसी इंजिन त्याच घराण्यातले, त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचे इंजिन फारशा तोडफोडीशिवाय बसते. ब्लॉक अल्युमिनियमचा आहे. एकदा जरी पाणी संपून तापले असेल, तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) वाकलेले निघू शकते. मूळ पिस्टनवर टर्बोचा दाब ०.४ बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुढे नेऊ नये. इंजिन कोणतेही घ्या, आधी पुण्यातल्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, चक्कर मारून रिंगा, बेअरिंग आणि हेड गॅस्केट मिळतात का ते बघावे.

पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणे, हवीच. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, एकेका भोकात दाबमापक लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. चारही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादा पडला, तर त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. काढलेल्या प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग उन्हात नीट निरखावा. त्यावर चमकणारे बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचे अल्युमिनियम असते. असे इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल करता येत नाही. वेगळे इंजिन आणि टर्बो बसवलेली गाडी म्हणूनच बंदिस्त ट्रॅकवर चालवावी.