‘रीराइट’ मारण्याआधी: हिशेबाच्या फाइली का बिघडतात, का फुगतात

अडत दुकान असो, औषधांचा होलसेल असो की सीएचं ऑफिस, ‘डेटा करप्ट झालाय, रीराइट मारून बघ’ हे वाक्य आता सगळीकडे रुळलंय. रीराइट म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली बिघडलेला डेटा दुरुस्त करायची सोय. बहुतेक वेळा रीराइटनं काम होतंही. पण तो नेमकं काय करतो, कधी वाचवतो आणि कधी उरलंसुरलंही घालवतो, हे समजून घ्यायचं तर संगणकाच्याही मागे, वहीपाशी जावं लागतं.

वहीच्या हिशेबात दोन गोष्टी वेगळ्या असत. कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमानं लिहायचे आणि मग त्याच नोंदी खतावणीत नावानिशी उतरवायच्या. खतावणीचं पान भिजलं किंवा उंदरानं कुरतडलं, तर दिवाणजी कीर्द पुढ्यात घेऊन बसायचे आणि खातं पुन्हा उभं करायचे. वेळ जायचा, पण हिशेब जात नसे. कीर्दच गेली तर मात्र हातात काही उरत नसे, म्हणून तिला जास्त जपायचे. दुसरी गोष्ट वर्षाची. दिवाळीत वहीपूजन झालं की जुनी वही बांधून माळ्यावर जायची आणि नव्या वहीत फक्त शिल्लका ओढल्या जायच्या. आयकरासाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सगळ्यांना सक्तीचं झालं ते १९८९ पासून. त्याआधी कित्येक व्यापाऱ्यांचं हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. महिना कुठलाही असो, वर्षाला एक वही हा शिरस्ता पक्का होता. आज आपण ज्याला ‘स्प्लिट’ म्हणतो, म्हणजे जुन्या वर्षांचा डेटा वेगळा काढणं, ते काम वही बदलताना आपोआप होत होतं.

संगणक दुकानात आले तेव्हाही सुरुवातीला हा शिरस्ता टिकला, आणि त्याचं कारण जागेची टंचाई. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या डेटाबेसच्या प्रोग्रॅमांत लिहिलेली हिशेबाची पॅकेजेस गावोगावच्या प्रोग्रॅमरनी करून दिली. डिस्क छोटी आणि बॅकअप १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर. म्हणून दर वर्षाची डिरेक्टरी वेगळी, आणि मार्चअखेर ‘इयर एंड’ चालवला की शिल्लका पुढच्या डिरेक्टरीत जायच्या. या पॅकेजेसच्या नोंदी डीबीएफ प्रकारच्या फाइलमध्ये असत, आणि खोडलेली नोंदसुद्धा त्यातून लगेच जात नसे. तिच्यावर फक्त एक फुली पडायची आणि ‘पॅक’ केल्यावरच जागा मोकळी व्हायची. शोधाशोधीसाठी इंडेक्सची वेगळी फाइल असे. ती बिघडली की ‘रीइंडेक्स’, म्हणजे मूळ नोंदींवरून यादी पुन्हा बांधायची. कीर्दीवरून खतावणी मांडण्याचाच हा प्रकार.

त्या काळातल्या बिघाडाचं एक उदाहरण मी जवळून पाहिलंय, आणि या विषयाबद्दलची माझी काळजी तिथूनच सुरू झाली. २००६ चा उन्हाळा. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असायचं. तालुक्याच्या गावी एका धान्याच्या आडतीत मी संध्याकाळी हिशेब लिहायला जायचो. यूपीएसची बॅटरी बसलेली, ती बदलायची राहून गेलेली. एन्ट्री चालू असताना लाइट गेली आणि मशीन तिथंच बंद पडलं. लाइट आल्यावर पॅकेज व्यवस्थित उघडलं, कसलाही मेसेज नाही. पण रोख शिल्लक गल्ल्याशी जुळेना. शेठांच्या कच्च्या रोजमेळात त्या दिवसाच्या नोंदी होत्या, पडद्यावर मात्र दुपारनंतरचं काहीच दिसत नव्हतं.

ज्यांनी ते पॅकेज लिहिलं होतं ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आधी काही दुरुस्त केलं नाही. सगळी डिरेक्टरी दुसरीकडे कॉपी केली आणि कागद मागितला. डीबीएफ फाइलच्या सुरुवातीला एक हेडर असतं. एकूण नोंदी किती आणि एक नोंद किती बाइटची, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या व्हाउचरच्या, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या, फाइलचं हेडर ३२१ बाइटचं, एक नोंद ९६ बाइटची आणि नोंदींची संख्या १२,४१०. फाइलचा डिस्कवरचा आकार मात्र ११,९५,२३३ बाइट. त्यातून ३२१ वजा केले, ९६ नं भागलं, उत्तर आलं १२,४४७. म्हणजे ३७ नोंदी फाइलमध्ये पोचल्या होत्या, पण हेडरमधला आकडा वाढवून लिहिण्याआधीच वीज गेली होती. पॅकेज हेडरवर विश्वास ठेवून १२,४१० वर थांबत होतं. त्यांनी आकडा दुरुस्त केला, रीइंडेक्स चालवला आणि ३७ च्या ३७ व्हाउचर परत दिसली. त्या संध्याकाळी मी घाईनं नव्या एन्ट्री मारल्या असत्या, तर त्या थेट त्या ३७ नोंदींच्या जागेवर लिहिल्या गेल्या असत्या.

पडद्यावर ‘सेव्ह’ दिसलं म्हणजे नोंद डिस्कवर पोचलीच असं नाही, ती काही क्षण मेमरीत थांबलेली असू शकते, हे तेव्हा कळलं. फाइल बिघडण्याच्या कितीतरी प्रकारांच्या मुळाशी हीच गोष्ट असते: एकाच व्यवहाराचे दोन भाग दोन ठिकाणी लिहायचे असतात आणि मध्येच काहीतरी तुटतं.

हे चालू होतं तोवर बाजार टॅलीकडे वळला होता. १९८६ मध्ये बेंगळुरूत श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी प्यूट्रॉनिक्स नावानं ही कंपनी सुरू केली. गोयंकांचा स्वतःचा व्यवसाय गिरण्या-कारखान्यांना माल आणि सुटे भाग पुरवण्याचा. त्यांना हवं तसं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलानं ते लिहिलं. १९९९ मध्ये कंपनीचं नाव टॅली सोल्युशन्स झालं. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ ही आवृत्ती आली आणि २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम.

टॅलीनं व्यापाऱ्याच्या दोन कटकटी संपवल्या. खात्यांना कोड नंबर देण्याची गरज उरली नाही, नावानंच काम होऊ लागलं. आणि वर्ष बदललं की नवी डिरेक्टरी उघडणंही संपलं. पीरियड बदलला की झालं, मागची वर्षं त्याच ‘कंपनी’त (टॅलीत एका दुकानाच्या हिशेबाच्या संचाला कंपनी म्हणतात) हात लावता येईल अशी जवळ. सोय खरोखर मोठी होती. पण वर्षाला एक वही हा शिरस्ता इथं सुटला. मी अशा कंपन्या पाहिल्यात की ज्यात २००६ पासूनची व्हाउचर एकाच फोल्डरमध्ये आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या वह्या एकत्र शिवून त्यात रोज लिहीत राहावं, तसं.

‘टॅलीची फाइल’ असं आपण म्हणतो, पण ती एक फाइल नसते. ईआरपी ९ च्या काळातला कंपनीचा फोल्डर उघडला तर कंपनी.९००, मॅनेजर.९००, ट्रान-मॅनेजर, लिंक-मॅनेजर, सम-ट्रान अशा फाइलींचा संच दिसतो. नावं बघितली तरी कोण काय सांभाळतं याचा अंदाज येतो: कुठे मास्टर, म्हणजे खाती आणि मालाच्या याद्या, कुठे व्यवहार, कुठे त्यांचे दुवे, कुठे बेरजा. या सगळ्या एकाच क्षणाच्या असाव्या लागतात. म्हणून एखादी फाइल कालच्या बॅकअपमधून आणि बाकीच्या आजच्या असा ठिगळ लावायचा प्रयत्न कुणी केला तर डेटा जास्तच बिघडतो. क्लाउडशी आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटा ठेवू नये, त्याचंही कारण हेच. सिंक करणारा प्रोग्रॅम एकेक फाइल त्याच्या सवडीनं उचलतो, त्यामुळे वर गेलेला संच अर्धा जुना अर्धा नवा असू शकतो. बॅकअप क्लाउडवर जरूर ठेवावा, पण तो सॉफ्टवेअरमधून घेतलेला, पूर्ण झालेला बॅकअप असावा.

आता रीराइटकडे. ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-अल्ट-आर दाबलं की तो चालायचा. टॅलीप्राइममध्ये ‘रिपेअर’ नावानं तो डेटाच्या मेनूत आहे. दुवे आणि बेरजा तुटल्या असतील तर तो मूळ नोंदींवरून त्या पुन्हा उभ्या करतो. दिवाणजींचंच काम, फक्त मशीन करतं. पण मूळ नोंदच वाचता येत नसेल तर ती रीराइटनं परत येणार कुठून? ती गळते, आणि नंतर ट्रायल बॅलन्स सुरळीत उघडतो म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यासाठी माझा आग्रह एवढाच की रीराइट कधीही कॉपीवर चालवावा. आणि आधी-नंतर स्टॅटिस्टिक्सचा रिपोर्ट बघून सेल्स किती, पर्चेस किती, रिसीट-पेमेंट किती ही प्रकारवार संख्या कागदावर लिहून ताडावी. दहा मिनिटांचं काम आहे. बॅकअप रिस्टोर करतानाही तो चालू कंपनीवर करू नये, वेगळा फोल्डर करून तिथं उघडून बघावा. जुना बॅकअप नव्या डेटावर चढवून पंधरा दिवसांचं काम गेल्याचे प्रसंग मूळ बिघाडापेक्षा जास्त रडवतात.

प्रत्येक एरर म्हणजे बिघडलेला डेटाही नव्हे. टीडीएलमध्ये, म्हणजे टॅलीच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, लिहून घेतलेलं एखादं कस्टमायझेशन नव्या रिलीजशी जुळत नसलं तरी तसाच मेसेज येतो. आधी टीडीएल बंद करावं, मग तोच डेटा दुसऱ्या मशीनवर उघडावा, आणि तरीही तेच झालं तर डेटावर संशय घ्यावा. एकाच शेअर फोल्डरवर चार-पाच जण काम करत असतील तर राउटर, ढिली केबल, वायफाय हेही तपासावं. एका मशीनचा नेटवर्कशी संबंध एन्ट्रीच्या मध्यात तुटणं हे भारनियमनासारखंच आहे.

फाइली खरोखर फुगल्या त्या १ जुलै २०१७ नंतर, जीएसटी आल्यावर. आधी बिलात नाव, माल, रक्कम, कर एवढं असे. आता ग्राहकाचा जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), प्रत्येक ओळीला एचएसएन (मालाचा वर्गीकरण कोड), सीजीएसटी-एसजीएसटी-आयजीएसटी अशी केंद्र, राज्य आणि आंतरराज्य कराची फोड, मालवाहतूक असेल तर ई-वे बिलाचा तपशील. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीसाठी सुरू झालं आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर गेलेल्यांपर्यंत आलं. त्यात प्रत्येक बिलामागे ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) आणि क्यूआर कोडमागची सही केलेली माहिती. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, म्हणजे बदललेल्या नोंदीचं जुनं रूपही जपून ठेवावं लागतं. हिशेबात पारदर्शकता हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याचं वजन त्याच फोल्डरवर पडतं, आणि दुकानातलं मशीन मात्र बहुतेकदा २०१५ चंच असतं.

म्हणून स्प्लिट. डेटा दोन भागांत विभागला की मागच्या वर्षांची एक कंपनी आणि पुढची एक अशा दोन नव्या कंपन्या तयार होतात आणि मूळ कंपनी तशीच राहते. पुढच्या कंपनीत शिल्लका आणि येणी-देण्यांची बाकी बिलं ओपनिंग म्हणून येतात. आधी डेटा व्हेरिफाय करावा लागतो, आणि त्या यादीत अर्धवट राहिलेल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी किंवा फॉरेक्सचा (परकीय चलनाच्या दराचा) न टाकलेला फरक असं काहीबाही निघतंच. ते कंटाळा न करता निस्तरावं.

घाई होते ती तारखेत. १ एप्रिल उजाडला की लगेच स्प्लिट करणारे बरेच आहेत. मग जुलै-ऑगस्टमध्ये ऑडिटर घसाऱ्याच्या आणि तरतुदींच्या नोंदी मागच्या वर्षात टाकायला सांगतो. त्या जुन्या कंपनीत पडतात आणि नव्या कंपनीतल्या ओपनिंगला त्याचा पत्ताही नसतो. मागच्या वर्षाचं ऑडिट संपेपर्यंत थांबावं, आणि मागची दोन वर्षं चालू कंपनीत राहू द्यावीत. क्रेडिट नोट काढताना, जुनी येणी बघताना त्यांची गरज लागते.

मूळ कंपनी पुसायची नाही. जीएसटी कायद्यानुसार नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, कंपन्यांना ८ वर्षं. ऑगस्ट २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअपही सक्तीचा आहे. प्रोप्रायटरी, म्हणजे एका मालकाच्या, दुकानांना तो नियम लागू नाही, पण मी माझ्या सगळ्या दुकानांत तो लावून घेतलाय. सात वारांचे सात फोल्डर आहेत. सोमवारचा बॅकअप पुढच्या सोमवारपर्यंत पुसला जात नाही, म्हणजे आजचा बिघाड शनिवारी कळला तरी बिघाडाआधीचा बॅकअप हाताशी असतो. आणि दुकान बंद करताना शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि रोख शिल्लक रोजमेळात पेनानं लिहिली जाते. २००६ मध्ये ती ३७ व्हाउचर कमी असल्याचं अशाच एका रोजमेळावरून कळलं होतं.