स्कूलेर आणि स्केय्येल: एका शब्दाची दोन अनेकवचनं

नॉर्वेजियनमध्ये शाळेला म्हणतात 'स्कूले', भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाच्या माल्टीज भाषेत म्हणतात 'स्कोला'. दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दावरून आलेत आणि दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की युरोपातल्या भाषा आहेत, असतील एकमेकींच्या बहिणी. पण आता याच शब्दाचं अनेकवचन करून बघा. नॉर्वेत मागे एक 'र' लावला की झालं, 'स्कूलेर'. माल्टात मात्र होतं 'स्केय्येल', म्हणजे मागे काही लागलंच नाही, शब्द आतूनच मोडून नव्याने बांधला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसलो होतो, कारण माल्टीज खरी कोण आहे ते सगळं त्यात आहे.

माल्टीज ही अरबीची लेक आहे. इसवी सन ८७० मध्ये माल्टा बेट अरबांच्या ताब्यात गेलं आणि पुढे शेजारच्या सिसिली बेटावर बोलली जाणारी अरबी तिथे रुजली. १०९१ मध्ये फ्रान्सकडचे ख्रिस्ती नॉर्मन आले, तेराव्या शतकात मुसलमानांना बेटावरून जावं लागलं, बेट कॅथलिक झालं, पण घरातली बोली तीच राहिली. म्हणून आजही माल्टातला कॅथलिक माणूस चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतो आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना 'रंदान' म्हणतो, जो शब्द रमझानवरूनच आलाय.

अरबी कुळातल्या भाषांची गंमत अशी की शब्दाचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो आणि स्वर बदलले की अर्थ बदलतो. क-त-ब म्हणजे लिहिण्याशी संबंधित. 'कितेब' म्हणजे त्याने लिहिलं, 'क्तीब' म्हणजे पुस्तक, 'कोत्बा' म्हणजे पुस्तकं, 'कित्तीब' म्हणजे लेखक आणि 'मिक्तूब' म्हणजे लिहिलेलं. तीन व्यंजनं जागेवर, बाकी सगळं त्यांच्या भोवती फिरतं. माल्टीज डिक्शनरीतले जवळपास निम्मे शब्द सिसिलियन आणि इटालियन आहेत, अरबी मुळाचे साधारण एक तृतीयांशच, तरी तिला अरबी कुळातलीच धरतात ते यामुळे, की बाहेरून आलेला 'स्कोला'सुद्धा तिने त्याच साच्यात घातला. खोलीला 'काम्रा' म्हणतात, हा इटालियनकडचा शब्द (आपल्या कानावरचा हिंदी 'कमरा' पोर्तुगीजमधून आला, मूळ दोघांचं एकच), आणि खोल्या म्हणजे 'क्मामार'.

नॉर्वेजियनचं सगळं उलट, शब्दाच्या शेपटाला काहीतरी जोडत जायचं. पुस्तक म्हणजे 'बूक', 'ते' ठरावीक पुस्तक म्हणायचं असेल तर 'बूका'. इंग्रजीत जो 'द' आधी येतो तो इथे मागे चिकटतो, आणि माल्टीजमध्ये पुन्हा आधी येतो, 'इल-क्तीब'. क्रियापद तर नॉर्वेजियनमध्ये इतकं सोपं आहे की मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना एकच रूप. माल्टीजमध्ये 'निक्तेब' म्हटलं की मी लिहितो, 'यिक्तेब' म्हटलं की तो लिहितो, कर्ता क्रियापदाच्या तोंडाशीच बसलेला असतो, वेगळा सांगावा लागत नाही.

आता आपल्या मराठी कानाची जी फसगत होते ती सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. माल्टीज वाचताना ओळखीचे शब्द भेटत राहतात. 'क्तीब' म्हणजे आपली किताब, 'दिन्या' म्हणजे दुनिया, 'सीहेब' म्हणजे जोडीदार, सोबती, आणि हाच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे येऊन 'साहेब' झाला. वाटतं ही तर आपल्या घरातलीच. पण हे सगळे आपल्याकडे आलेले पाहुणे आहेत, रक्ताचं नातं नाही. आणि एक शब्द तर निव्वळ योगायोग, माल्टीजमध्ये 'दार' म्हणजे घर, आपल्या दाराशी त्याचा काहीही संबंध नाही. आपल्या दाराचा खरा भाऊबंद नॉर्वेत आहे, तिथे दाराला 'दोर' म्हणतात (ओठ गोल करून 'दे' म्हणायचं आणि पुढे 'र'), आणि दोघांचं मूळ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेत जातं.

पण मग एक शब्द योगायोग आणि दुसरा नातेवाईक हे ठरवायचं कशावरून? एकट्यादुकट्या शब्दावरून ठरतच नाही, फरक नियमाने पडतोय का ते बघावं लागतं. आपल्याकडे दोन, दहा, दात. नॉर्वेजियनमध्ये तेच 'तू', 'ती', 'तान', म्हणजे आपल्या 'द'च्या जागी या तिन्ही ठिकाणी 'त'. आपल्याकडे पाच, पाय, पिता. तिकडे 'फेम', 'फूत', 'फार', म्हणजे 'प'च्या जागी 'फ'. हा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिमने नीट मांडला, तोच, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी एक. कानाला अजिबात सारखे न वाटणारे शब्द अशा रांगेत उभे राहिले की नातं पक्कं.

दोन्ही भाषांच्या वाट्याला एक दुखणं मात्र सारखंच आलं, दुसऱ्या भाषेच्या सावलीत राहण्याचं. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कबरोबर होता आणि लिहिणं सगळं डॅनिशमध्ये. मग इव्हार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव फिरला, बोली टिपल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये शब्दकोश काढला, त्यातून जी लिखित भाषा उभी राहिली ती आजची निनोश्क. डॅनिशवरून घडलेली दुसरी ती बूकमोल. १८८५ पासून दोन्हींना सारखा दर्जा आहे, आणि बोलताना लोक टीव्हीवरसुद्धा बिनधास्त आपापली बोली बोलतात, हे मला फार मोठं वाटतं. माल्टात कोर्टकचेरीची भाषा कितीतरी काळ इटालियन होती, १९३४ मध्ये तिला बाजूला करून इंग्रजीबरोबर माल्टीज अधिकृत झाली, २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्येही पोचली, तेही बोलणारे जेमतेम पाच लाखांच्या आसपास असताना.

आता दोघींच्या दारात इंग्रजी आहे. गाडी पार्क करायची तर नॉर्वेजियन माणूस 'पार्केरेर' म्हणतो, मी असो वा तू, रूप तेच. माल्टातला माणूस म्हणतो 'निप्पार्क्या', म्हणजे 'मी पार्क करतो', इंग्रजी शब्दाच्या आधी तोच 'निक्तेब'मधला 'नि'. आणि आपण म्हणतो 'गाडी पार्क केली', 'ट्रक पार्क केला', शब्द इंग्रजांचा पण केली का केला ते गाडी आणि ट्रक ठरवतात.