लोकसेवा नभोवाणी आणि व्यापारी नभोवाणी

नभोवाणी केंद्राचा खर्च कोण भागवतो आणि त्यामुळे ते कोणाला बांधील राहते, यावरून पडलेले दोन प्रमुख प्रकार. लोकसेवा नभोवाणी परवाना शुल्क, कर किंवा सरकारी अनुदानावर चालते. व्यापारी नभोवाणी जाहिरातींवर जगते. मालकी सरकारी की खासगी हा निकष खरे तर दुय्यम आहे. भारतात मात्र तोच मुख्य धरला गेला आणि त्यातून बराच घोळ झाला.

ब्रिटनमध्ये बीबीसीने जाहिरातींना दारच उघडले नाही. घरटी परवाना शुल्क गोळा करून माहिती, शिक्षण आणि मनोरंजन (याच क्रमाने) देण्याचे व्रत घेतले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका केंद्राने १९२२ सालीच प्रसारणाचा वेळ विकायला काढला. भारताची सुरुवात या दोन्हींहून वेगळी. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी प्रसारण सुरू करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती, पण तिची मदार परवाना शुल्कावर होती. परवानाधारक थोडे, खर्च अफाट. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. १९३६ पासून ही सरकारी सेवा ऑल इंडिया रेडिओ, म्हणजेच पुढची आकाशवाणी, झाली.

लोकसेवा म्हणजे नेमके काय, याचा चांगला नमुना पुण्याचा आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोता मंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळी गावच्या सार्वजनिक संचाभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि संच बंद झाल्यावर त्यावर चर्चा करत. अडलेले प्रश्न केंद्राकडे जात, पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. असा श्रोता जाहिरातदाराच्या काय कामाचा? त्याच्या खिशात खर्चायला पैसेच नव्हते. त्याच केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आठवड्याला एक या गतीने वर्षभर प्रसारित झाली. इतका धीर विक्रीच्या हिशोबात बसत नाही.

पण हीच लोकसेवा श्रोत्याला गृहीतही धरते. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले, तर काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला घरोघरी गर्दी होऊ लागली. गंमत अशी की, ज्या सिलोनने आकाशवाणीचे श्रोते पळवले ते केंद्रही सरकारीच होते, फक्त त्याचा हा विभाग व्यापारी होता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिरातीही लागल्या. म्हणजे मालक सरकार आणि पैसा साबण-टूथपेस्टचा, अशी ही मिश्र चाल.

प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. जुलै २००१ मध्ये बंगळूरला देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. लिलावात परवाना घेणाऱ्यांना शुल्क दरसाल १५ टक्क्यांनी वाढवून भरायचे होते, ते अनेकांना झेपेना. २००५ मध्ये त्याऐवजी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के असे सूत्र आले. पण जाहिरातीचे दर दहा सेकंदांच्या हिशोबाने ठरतात, त्यामुळे तासाची आखणी गाणे, निवेदकाची दोन वाक्ये, जाहिरातींचा पट्टा, जिंगल, पुन्हा गाणे अशीच होते. नवे गाणे लावून श्रोता गमावण्याची जोखीम कोणी घेत नाही. एकाच शहरात चार केंद्रांवर तेच गाणे लागते ते यामुळे. कोकणातल्या मच्छीमाराला खवळलेल्या समुद्राचा इशारा, बाजार समितीतले कांद्याचे भाव, कोकणी किंवा अहिराणी लोकगीते यांना या पट्ट्यात जागा नाही. ते काम आकाशवाणीकडेच राहिले.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची परवानगी मिळाली, इतकेच. त्यामुळे नभोवाणीवरच्या बातम्यांना पर्याय उभाच राहिला नाही. इकडे आकाशवाणीची स्वायत्तताही अर्धवट आहे. आणीबाणीतल्या अनुभवानंतर वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या मंडळाचा कायदा १९९० मध्ये झाला आणि लागू व्हायला १९९७ उजाडले. पोस्टात भरायचे रेडिओचे परवाना शुल्क तोवर कधीच रद्द झाले होते. श्रोत्याचा तो थेट पैसा गेल्यावर मंडळाची भिस्त मुख्यतः सरकारी अनुदानावर राहिली.

स्थानिक समाजासाठी त्याच भागातल्या संस्थेने चालवलेली सामुदायिक नभोवाणी हा तिसरा प्रकार. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण.