कुळागरात रात्री कोण येतं? परवडणारा ट्रेल कॅमेरा घेण्यापूर्वी हे वाचा

गोव्यातल्या फोंडा, धारबांदोडा, सत्तरी, सांगे, काणकोण इथले बागायतदार आमच्या दुकानात येतात ते बहुधा एकच तक्रार घेऊन. सकाळी कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, उतरावं तर केळीचे कंद उकरलेले, पोफळीच्या रोपांची सालं सोललेली, माडाखाली कोवळ्या नारळांचा सडा. आणि रात्री कोण येऊन गेलं ते घरातल्या कुणालाच ठाऊक नाही. ते कळण्यासाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, हे चांगलं साधन आहे आणि त्यासाठी फार पैसे घालावे लागत नाहीत. फक्त खोक्यावरचे मोठे आकडे बघून घेऊ नका, एवढ्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

आधी कायद्याचं

हे कॅमेरे अमेरिकेत आणि युरोपात प्रामुख्याने शिकाऱ्यांसाठी बनले. हरणं कुठल्या वाटेने येतात, कधी येतात, हे हंगामाआधी हेरून ठेवायचं, हा त्यांचा तिथला उपयोग. म्हणून खोक्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र असतं आणि फोटोच्या पट्टीत तापमान व चंद्राची कला उमटते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. बंदूक चालवली तरच शिकार होते असंही नाही. फास लावणं, विष घालणं, सापळा रचणं, इतकंच काय, तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. सत्तरीत गोळावलीला जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, ते कुणी विसरलेलं नाही. शिकारीची जागा हेरायला कॅमेरा हवा असेल तर तो आम्ही विकत नाही, हे स्पष्टच सांगतो.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर या अभयारण्यांच्या हद्दीत स्वतःच्या मनाने कॅमेरा बांधू नका. तिथे वनखात्याची रीतसर परवानगी लागते. तुमच्या कुळागरात, भाटात, काजूच्या बागेत मात्र तुम्ही तो खुशाल लावू शकता.

जनावर ओळखलं की उपाय ठरतो

कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे आहे. रानडुक्कर माती नांगरल्यासारखी उकरतो आणि सुरण, कणगी, केळीचे कंद खातो. साळिंदर बुंध्याशी साल कुरतडतं, तेही रात्री. शेकरू शहाळ्याला भोक पाडून आतलं खातं, पण ते दिवसा हिंडणारं. उंदीरही नारळाला भोक पाडतो, तो बहुधा रात्री. खेती, म्हणजे माकडं, टोळीने येतात आणि खातात त्याहून जास्त खाली टाकतात. गवारेडा आला तर केळीच्या रांगाच आडव्या होतात, आणि तो तर गोव्याचा राज्यप्राणी.

आता बघा, डुकरासाठी घातलेलं कुंपण खेतींना काय अडवणार? आणि रोपांची सालं साळिंदराने काढली असतील, तर डुकराच्या नावाने केलेला खर्च फुकट. आधी फोटो, मग खर्च, हा आमचा आग्रह आहे. शिवाय तारीख-वेळ उमटलेला फोटो हाताशी असला की विभागीय कृषी कार्यालयात किंवा वनखात्याच्या रेंज कार्यालयात बोलणं सोपं जातं. कुंपणासाठी आणि नुकसानीसाठी सध्या काय मदत मिळते, ते तिथेच विचारा. योजनांचे नियम बदलत असतात.

पैसे कशावर घालायचे

मेगापिक्सलवर नाही. खोक्यावर ३६ किंवा ४८ मेगापिक्सल छापलेलं असतं, पण स्वस्त कॅमेऱ्यातला खरा सेन्सर त्याहून पुष्कळ लहान असतो. मधले ठिपके कॅमेरा आपल्या हिशेबाने भरतो. त्याने चित्र स्पष्ट होत नाही. फाइल तेवढी फुगते, कार्ड लवकर भरतं आणि पुढचा फोटो घ्यायला वेळ लागतो. कॅमेरा घरी नेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ८ किंवा १२ मेगापिक्सलवर आणा. साळिंदर आहे की कांडेचोर (उदमांजर), हे कळायला तेवढं भरपूर झालं.

बघायचा तो ट्रिगरचा वेग. जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा हा वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तम. एक सेकंद किंवा जास्त असेल तर पाटाच्या कडेने धावत जाणाऱ्या डुकराची शेपटीच मिळेल. त्याच्याइतकंच महत्त्वाचं, पण खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं ते म्हणजे एका फोटोनंतर दुसऱ्या फोटोला कॅमेरा किती वेळात तयार होतो. कळप आला असेल तर पहिल्या फोटोत एक डुक्कर दिसतं आणि मागची आठ निघून गेलेली असतात. दुकानात आम्ही कॅमेरा चालू करून देतो, समोरून दोनदा चालून बघा.

हे सगळं कशावर चालतं ते समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी राहणार नाहीत. लेन्सच्या खाली दुधी रंगाची फुगीर चकती दिसते, तिच्यामागे उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. तो जनावर ‘बघत’ नाही. भोवतालच्या तापमानाहून वेगळं असं काही समोरून सरकलं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी, हवा जवळपास अंगाइतकीच तापलेली असताना, तो मंदावतो. म्हणूनच उन्हाने तापलेलं केळीचं पान वाऱ्यावर हललं तरी फोटो निघतो आणि कार्डात शेकडो रिकामे फोटो साठतात. जनावर आडवं गेलं तर सेन्सरला ते चटकन कळतं, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आलं तर उशिरा कळतं. आणि खोक्यावर २५ मीटर लिहिलं असेल तर व्यवहारात त्याच्या निम्मंच धरून चाला.

रात्रीच्या प्रकाशाचे दोन प्रकार येतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड पाडतात, पण फोटो निघताना लालसर ठिपके चमकलेले दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी आणि फोटो थोडा दाणेदार. कुळागरात जनावर पाच-सहा मीटरवरूनच जातं, तिथे ९४० पुरतो आणि सुपारीच्या चोराला कॅमेरा कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. डोंगराच्या उतारावरच्या मोकळ्या काजूच्या बागेला ८५० घ्या. दोन्हींत रात्रीचा फोटो काळा-पांढराच येणार.

सिमकार्डाचा मोह

फोटो थेट मोबाइलवर यावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण नेत्रावळीच्या किंवा सत्तरीच्या खोल भागात कुळागर असेल, तर आधी आपला फोन घेऊन त्या झाडापाशी उभे राहा. तिथे व्हिडिओ नीट चालत नसेल तर सिमचा कॅमेरा घेऊन उपयोग नाही. परदेशातून मागवलेले काही कॅमेरे आपल्याकडच्या फोर-जीच्या बँडवर चालत नाहीत, काही त्यांच्याच देशातल्या प्लॅनला बांधलेले असतात. पुतण्याने दुबईहून आणून दिला तरी हे तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. वाय-फायचा कॅमेरा म्हणजे घरबसल्या दिसणारा कॅमेरा, असाही समज आहे. त्याचं वाय-फाय झाडापासून दहा-पंधरा मीटरपर्यंतच पोचतं. शिडी न लावता फोटो उतरवता येतात, एवढाच त्याचा फायदा.

आमचं मत विचाराल तर पहिला कॅमेरा साधा, सिम नसलेला घ्या. सहा ते नऊ हजारांत कामाचा मिळतो. उरलेल्या पैशांत चांगले सेल, कार्ड आणि कुलपाची तार घ्या.

सेल आणि कार्ड

स्वस्त सेल घालू नका. आठवड्यात उतरतात आणि फुटले तर आतले पत्रे गंजवतात. अल्कलाइन सेल चालतात, लिथियमचे महाग पण खूप टिकतात. चार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. काही कॅमेरे ते चालवून घेतात, काहींचा रात्रीचा उजेड मंदावतो. पुस्तिकेत बघा नाहीतर आम्हाला विचारा. जुने-नवे सेल एकत्र कधीही नको.

कार्ड ३२ जीबीचं पुरे. बरेच स्वस्त कॅमेरे त्याहून मोठं कार्ड वाचतच नाहीत. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. सेल बदलल्यावर तारीख-वेळ मुळावर तर गेली नाही ना, ते दर वेळी बघा, कारण चुकीच्या तारखेचा फोटो कुठल्याच अर्जाला जोडता येत नाही.

बांधायचा कसा

पोफळीला बांधू नका. खोड सडपातळ, वाऱ्यावर डोलतं, मग फोटो हलतो आणि रिकामे फोटोही निघतात. फणस, आंबा किंवा जुना जाड माड शोधा. डुक्कर-साळिंदरासाठी गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत उंची ठेवा. गवारेड्यासाठी कमरेपर्यंत. तोंड वाटेकडे तिरकं करा, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड केलं तर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट लेन्सवर येतं, म्हणून उत्तर किंवा दक्षिण बरी.

समोरचं गवत कापाच, पण जवळचं जास्त. मिरवेलीचं एक पान लेन्सपासून हातभर अंतरावर लोंबत असलं, तर रात्रीचा सगळा उजेड त्या पानावर पडून परत येतो. पान दुधासारखं पांढरं दिसतं आणि मागचं जनावर काळोखात जातं. ‘रात्रीचे फोटो येत नाहीत’ म्हणून परत आणलेल्या कॅमेऱ्यांत कितीतरी वेळा हेच कारण निघतं.

खेतींसाठी कॅमेरा माडाच्या शेंड्याकडे रोखून फारसं हाती लागत नाही. त्या जिथून उतरतात किंवा पाणी प्यायला येतात, ती तळी-व्हाळाजवळची जागा निवडा.

शेजाऱ्याचं अंगण, न्हाणी, बायका जातात-येतात तो झरा किंवा विहिरीची वाट, यांतलं काहीही चौकटीत येऊ देऊ नका. बांधून झाल्यावर पहिल्याच दिवशी एक फोटो काढून पडताळा. कुळागरात कामाला येणाऱ्या माणसांनाही कॅमेरा आहे हे सांगून ठेवा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याकडे त्याहूनही जास्त. आयपी६६ लिहिलेला कॅमेरा सरी सोसतो, पण पाणी बहुधा वरून शिरत नाही. झाकणाच्या रबरावर मातीचा कण किंवा मुंगी अडकते आणि त्या फटीतून ओल आत जाते. दर वेळी रबर सुक्या फडक्याने पुसा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती महिन्याने बदला. वर पत्र्याचा छोटा आडोसा केला तर लेन्सवर थेंब बसत नाहीत. हुमले (लाल मुंग्या) पट्ट्याच्या आड घर करतात, त्यांच्यावर फवारणी करताना औषध लेन्सवर आणि दुधी चकतीवर उडू देऊ नका. जून ते ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याची गरजच नसेल तर सेल काढून, सुका करून, डब्यात बंद करून ठेवा.

दुकानात येताना ज्या जागी कॅमेरा लावायचा तिथले दोन-तीन फोटो मोबाइलवर घेऊन या. एक वाटेचा, एक नुकसानीचा आणि जमल्यास पावलांच्या ठशाचा, शेजारी काड्यापेटी ठेवून. त्यावरून कुठला कॅमेरा बरा आणि कुठल्या झाडाला बांधावा, हे आम्ही समोर बसून सांगू. खरेदीनंतर पहिल्यांदा कार्ड भरून आणलंत की फोटो उघडून जनावर ओळखून देऊ आणि सेटिंग दुरुस्त करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.