बकेट की व्हॉयल? सँ बार्थच्या दोन शर्यती किनाऱ्यावरून पाहताना

कॅरिबियनमधल्या सँ बार्थ या जेमतेम 25 चौरस किलोमीटरच्या फ्रेंच बेटापाशी शिडाच्या नौकांच्या दोन मोठ्या शर्यती होतात. मार्चमध्ये ‘बकेट’, एप्रिलमध्ये ‘ले व्हॉयल’. टेकड्या त्याच, पूर्वेचा वाराही तोच. पण बकेटमध्ये आपल्या गटात जी आधी पोहोचते ती जिंकते, तर व्हॉयलमध्ये आधी पोहोचलेली नौका बऱ्याचदा हरते. म्हणून टाळ्या वाजवायची घाई नको.

बकेट सुपरयॉटची, म्हणजे प्रचंड, आलिशान खासगी नौकांची. 88 मीटर लांबीची, तीन डोलकाठ्यांची ‘माल्टीज फाल्कन’सुद्धा इथे धावली आहे. शेकडो टनांचं असं धूड पटकन वळत नाही, थांबत तर नाहीच. वीस-पंचवीस नौका एकाच रेषेवर एकदम सोडणं म्हणजे टकरीला आमंत्रण. म्हणून इथे ‘पाठलाग’ पद्धत आहे. प्रत्येक नौकेचं रेटिंग (तिच्या वेगाचा अंदाज सांगणारा आकडा), मार्गाची लांबी आणि त्या दिवशीचा अपेक्षित वारा यांवरून सुटण्याची वेळ काढतात. सर्वांत संथ नौका आधी, सर्वांत वेगवान शेवटी, लागोपाठच्या दोघींमध्ये काही मिनिटांचं अंतर. शर्यतीत एकमेकींपासून किमान 40 मीटर दूर राहायचं. हिशेब अचूक असेल तर सगळ्या जवळजवळ एकदमच परततात.

हा हिशेब बिघडतो वाऱ्यामुळे. आधी सुटलेल्या पुढे निघून गेल्या आणि मग वारा पडला, तर मागच्या जागच्या जागी डोलत राहतात. उलट वारा उशिरा वाढला तर मागच्यांची चंगळ. आणखी एक फसवणूक: जे-क्लासच्या, म्हणजे 1930च्या दशकातल्या आराखड्यांच्या मोठ्या नौका बकेटमध्येही आपसांत एकदमच सुटतात. त्यांच्यात ‘हनुमान’ दिसली तर दचकू नका. 1936च्या ‘एन्डेव्हर टू’ची ती 2009 साली बांधलेली प्रतिकृती आहे.

व्हॉयल 2010 पासूनची. लहान रेसरपासून ‘मॅक्सी’ या मोठ्या शर्यती नौकांपर्यंत सगळ्या गटागटाने सुटतात, गटातल्या सगळ्या एकाच इशाऱ्यावर. निकाल गुणकाने लागतो: वेगवान नौकेचा गुणक मोठा, आणि लागलेल्या वेळेला त्याने गुणून सुधारित वेळ काढतात. समजा एक नौका 2 तासांत, म्हणजे 7200 सेकंदांत आली आणि तिचा गुणक 1.10, सुधारित वेळ 7920. दुसरी दहा मिनिटं उशिरा, 7800 सेकंदांत आली, पण गुणक 1.00, सुधारित वेळ 7800. जिंकली दुसरी. हे टेकडीवरून दिसत नाही, संध्याकाळच्या निकालपत्रावरच कळतं.

त्यामुळे बसण्याची जागा आणि वेळही बदलते. व्हॉयलला सुरुवात चुकवू नका. रेषेवर जागेसाठी चाललेली झोंबाझोंबी हाच खरा खेळ. बकेटची सुरुवात तासाहून जास्त रेंगाळते. ती अर्धीच पाहिली तरी चालेल. शेवटच्या वळणाच्या बोयाजवळ सगळ्या एकत्र येतात, दुपारी तिथलं दृश्य गाठा. बेटाला वळसा कोणत्या दिशेने हे रोज बदलू शकतं, म्हणून सकाळी मार्ग आणि सुटण्याच्या वेळा बघून मगच गाडी काढा.

उंचीचा फायदा मोठा आहे. वाळूवर उभं राहून क्षितिज सुमारे 5 किलोमीटरवर दिसतं, 50 मीटर उंचीवरून 25. हातात धरायला सातपट मोठं दाखवणारी 7×50 दुर्बीण बरी. दहापटीची वाऱ्यात थरथरते. फोनवर एआयएसचं, म्हणजे नौका आपली जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेचं ॲप ठेवा. बकेटच्या नौका त्यावर सहसा सापडतात, पण व्हॉयलच्या लहान रेसर बऱ्याचदा नाहीत; त्या शिडावरच्या क्रमांकावरून ओळखाव्या लागतात.