नळाच्या पाण्यातला जंतू रक्तात कसा पोचतो?

केमो चालू असलेल्या पेशंटला ताप आला की डॉक्टर एवढी धावपळ का करतात, साधा ताप तर आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण केमोने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खाली येतात, मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या की जंतूंना अडवायला फारसं कोणी उरतच नाही. पू बराचसा याच पेशींचा बनतो, त्यामुळे पेशी नाहीत तर पू नाही, लाली-सूज पण जेमतेम, दिसतो तो फक्त ताप. म्हणून रिपोर्टची वाट न बघता, शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात.

आता रक्तात सापडतं काय, तर कधीकधी भलतंच. स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया घ्या, पाण्यात, मातीत, सिंकमध्ये राहणारा जंतू, धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाईन (औषधं द्यायची नळी) बरेच दिवस राहिली की हा नळीच्या आत चिकट थर करून बसतो (बायोफिल्म), आणि मग लाईन फ्लश केली (सलाईन ढकलून साफ केली) की थोड्या वेळात हुडहुडी भरून ताप. वर मेरोपेनेमसारखं तगडं औषध याच्यावर चालतच नाही, ते तोडणारं एन्झाइम याच्याकडे मुळातच असतं, म्हणजे बाकीचे जंतू मेले की याला रान मोकळं! चालतं बहुतेक वेळा ते कोट्रायमोक्साझोल, जुनंच औषध, त्यालाही दाद न देणारे निघतात म्हणा.

असाच एक एलिझाबेथकिंगिया अॅनोफेलिस, पहिल्यांदा मिळाला डासाच्या आतड्यात. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ६३ जणांना याचं इन्फेक्शन झालं, बहुतेकांच्या रक्तात होता, बरेचसे वयस्कर आणि आधीच आजारी. नळाचं पाणी, औषधं, क्रीम-लोशन सगळं तपासलं, उगम काही सापडला नाही.

लॅबची खरी पंचाईत अशी की असला जंतू ब्लड कल्चरच्या (रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का ते बघायची तपासणी) एकाच बाटलीत उगवला तर तो रक्तातला की सुई घालताना बाहेरून मिसळलेला? म्हणून कल्चरचं रक्त दोन जागांहून घेतात, एक लाईनमधून, एक हातातून. लाईनमधली बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर संशय नळीवरच जातो, आणि स्टेनोट्रोफोमोनाससारखा जंतू असेल तर शक्यतो ती काढूनच टाकतात, नाहीतर औषध थांबलं की ताप परत येऊ शकतो.